मूळ प्रत जपून ठेवावी

डबीच्या तळाशी पांढरी पूड साचली होती. फार नाही, चिमूटभर. डॉ. विजयश्री ओव्हाळने डबी खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, झाकण काढून पूड बोटावर घेतली. प्लास्टरच होतं. दुसरं असणार तरी काय? डबीत रणजीत वाळुंजच्या दातांचं मॉडेल होतं. वरचा जबडा खालच्या जबड्यावर ठेवून रबरबँडने बांधलेला. मॉडेल प्लास्टरचं, म्हणून पूडही प्लास्टरची. अडचण एवढीच होती की ही डबी तिने कालच पुसून ठेवली होती.

तिचा दवाखाना मोशीत, नाशिक रस्त्याला लागून. चाकणकडे जाणारे ट्रेलर दिवसभर समोरून धडधडत जातात आणि खिडक्यांच्या काचा थरथरत राहतात. हादऱ्याने दातावर दात घासत असेल, असं तिने धरलं आणि डबीखाली जाड फोम घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूड. मग तिने त्याच गोणीतल्या प्लास्टरचं दुसऱ्या एका पेशंटचं मॉडेल तसंच बांधून शेजारी ठेवलं. त्या डबीत कणही पडला नाही. शेवटी काट्यावर वजन केलं. मॉडेलचं वजन जेवढं घटलं होतं, बरोबर तेवढीच पूड निघाली. हिशेब चोख जुळला, आणि जुळला म्हणूनच तिने पुन्हा एकदा वजन करून पाहिलं.

"उंदीर असंल," कस्तुरामावशी म्हणाली. ही परभणीकडची बाई दवाखाना उघडल्यापासून विजयश्रीच्या हाताखाली होती. हत्यारं धुणं, माप घ्यायचं मिश्रण कालवणं, रडणारी पोरं धरून ठेवणं, सगळं तिच्याकडे.

"बंद डबीत उंदीर कसा शिरेल, मावशी?"

"मग मला काय इचारता? तुमच्या सायन्सला इचारा."

सायन्सला विचारण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. रणजीत वाळुंज मेलेला होता.

तो पहिल्यांदा आला तेव्हा थेट कंपनीतून आला होता, रात्रीची थर्ड शिफ्ट करून. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, डोळे तांबारलेले. जबडा दुखतो, दातांचे टवके उडतात, आणि खोलीतली पोरं झोपू देत नाहीत, अशी तक्रार.

"ते झोपू देत नाहीत की तुम्ही त्यांना?" विजयश्रीने विचारलं होतं.

तो हसला होता. "मीच, मॅडम. म्हणत्यात, रात्रभर जातं फिरवतोस का काय."

सुळे टोकाला सपाट झाले होते, एखाद्याने कानशीने घासावेत तसे. झोपेत दात खाण्याची सवय. त्यावर उपाय साधा असतो: दातांचं माप घ्यायचं, मापात प्लास्टर ओतून मॉडेल करायचं आणि मॉडेलवर एक पारदर्शक टोपण बनवायचं. त्याला नाइट गार्ड म्हणतात. झोपताना घालायचं, म्हणजे झिजलं तर टोपण झिजतं, दात वाचतात.

माप घेताना मजा झाली होती. मिश्रण घट्ट व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात रणजीत मिश्रण भरलेला ट्रे तोंडात घेऊन खुर्चीतच झोपला, आणि झोपेत ट्रे चावू लागला. माप फाटलं. "अगं बाई, लेकरू घोरायलंय की!" म्हणत कस्तुरामावशीने त्याला गदागदा हलवलं होतं. दुसरं माप नीट आलं, पण बाइट राहिला. वरचे दात खालच्या दातांवर नेमके कसे बसतात ते मेणाच्या पट्टीवर चावून घेतात, तो बाइट. त्याशिवाय नाइट गार्ड बनत नाही. मऊ मेणावर तो नीट चावेचना. जबडा थकलेला, डोकं कलंडत होतं.

"गुरुवारी सुट्टी असती. आलोच म्हणा," असं सांगून तो गेला. जाताना मॉडेलचा फोटो काढून घेतला होता, आईला दाखवायला.

पुढच्या गुरुवारी फोन आला: "मॅडम, ओव्हरटाइम लागला." त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. नंतर फोन आला नाही. लागोपाठ दुसरी शिफ्ट संपता संपता प्रेस मशीनवर त्याला झोप लागली आणि तो त्यात गेला, असं लोक म्हणाले. झोपच लागली की आणखी काही झालं, याची चौकशी बसली.

आठवडाभरात चौकशी अधिकाऱ्यांचं पत्र आलं. रणजीतच्या उपचारांच्या नोंदी हव्या होत्या. विजयश्रीला नियम पाठ होते. पेशंटने, त्याने नेमलेल्या माणसाने किंवा कायदेशीर अधिकाऱ्याने नोंदी मागितल्या तर बहात्तर तासांत प्रत द्यायची आणि पोच घ्यायची. मूळ नोंदी उपचार सुरू झाल्या तारखेपासून किमान तीन वर्षं सांभाळायच्या. प्रकरण चौकशीत असेल तर निकाल लागेपर्यंत, मग कितीही काळ जावो. तिने प्रत दिली, पोच घेतली. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: 'सर्व नोंदींची मूळ प्रत अंतिम आदेशापर्यंत जपून ठेवावी. दातांचे साचेही त्यात समजावेत.'

त्या ओळीमुळेच तिने मॉडेल फडताळातून काढून स्वतःच्या टेबलाजवळ ठेवलं होतं. आणि तेव्हापासून पूड दिसू लागली होती. आधीही पडत असेल. आधी कुणी पाहिलंच नव्हतं.

एका सकाळी प्रितम सोनकांबळे आला. अकरावी-बारावीला पिंपरीच्या कॉलेजात तिच्या वर्गात होता, आता रणजीतच्याच कंपनीत एचआरला. कपाळावर गॉगल, हातात पेढ्यांचा पुडा.

"काय विजू, दवाखाना एक नंबर झालाय राव!"

"दात दुखतोय का तुझा?"

"दात नाय, डोकं दुखतंय. त्या वाळुंजची फाइल आहे ना तुझ्याकडे? बघायची होती जरा."

"लेखी संमती आण."

"कोणाची?"

"पेशंटची."

प्रितमने कपाळावरचा गॉगल काढला. "अगं, तो मेलाय."

"मग वारसाची आण. नाहीतर चौकशी अधिकाऱ्यांकडे प्रत गेलीय, त्यांच्याकडे मागा."

"एवढं कुठं लांबण लावतेस? एक फोटो मार, व्हॉट्सअ‍ॅप कर, मी कुणाला सांगणार नाय. बरं, फाइल राहू दे. एवढंच सांग, झोपेच्या गोळ्या दिल्या होत्यास का त्याला? हो की नाय, बस."

गोळ्या दिल्या नव्हत्या. 'नाही' म्हणून टाकलं असतं तर रणजीतचंच भलं झालं असतं. शब्द ओठांवर आला होता. पण पेशंटबद्दलचं 'नाही' हीसुद्धा माहितीच. आज 'नाही' सांगायचं, तर उद्या दुसऱ्या पेशंटसाठी 'हो' कुठल्या तोंडाने लपवायचं?

"मला काही सांगता येणार नाही, प्रितम."

तो पुढे काही बोलणार, एवढ्यात टेबलाजवळून आवाज आला. कर्र. थांबून पुन्हा, कर्र, कर्र. दगडावर दगड हळूच फिरवावा तसा.

प्रितमने पाय खुर्चीवर घेतले. "उंदीर झालेत का गं तुमच्याकडं?"

"व्हय," कस्तुरामावशी हत्यारं पुसता पुसता म्हणाली. "थर्ड शिफ्टचे हायत."

ती थट्टेनेच बोलली होती. पण विजयश्रीच्या हातातलं पेन तिथेच थांबलं.

तिचे वडील पिंपरीतल्या कारखान्यात तीस वर्षं होते. घरात आठवडे वाराने नाही, शिफ्टने ओळखले जायचे. फर्स्टचा आठवडा, सेकंडचा आठवडा, आणि थर्डचा आठवडा: पडदे ओढलेले, रेडिओ बंद, कुकरची शिटी व्हायच्या आत आई गॅस मालवायची आणि पोरांना दटावायची, शू, पप्पा झोपलेत. प्रितम गेल्यावर विजयश्री मागचे आठवडे बोटांवर मोजू लागली. मागचे दोन आठवडे दवाखान्यात आवाज कधी आला नव्हता, पूड मात्र सकाळी दार उघडल्यावर असायची. त्याच्या आधीच्या आठवड्यात दुपारपर्यंत काहीतरी करकरत होतं आणि तिने पंख्याला तेल घालून घेतलं होतं. रात्री झोपायचे दोन आठवडे, दिवसा झोपायचा एक.

तो अजून शिफ्टवर होता. घरी येऊन झोपत होता.

त्याच आठवड्यात रणजीतची आई आली. रुक्मिणीबाई खेडच्या पश्चिमेकडच्या एका वाडीतल्या, आता चाकणला पोराच्या भाड्याच्या खोलीत एकट्या राहत होत्या. बारीक अंगाची बाई. चपला बाहेर काढून आत आल्या आणि खुर्ची दाखवली तरी बसेनात.

"पोराचं दात हायती न्हवं तुमच्याकडं? त्यो म्हणला व्हता. म्हणला, आये, माझं दात मोशीत ठिवल्यात, उरल्याला मी तुझ्याकडं." बोलताना त्या किंचित हसल्या. "तेवढं द्या. आळंदीला सोडती."

विजयश्रीला नीट उमगलं नाही. रुक्मिणीबाईंनी सावकाश सांगितलं. त्यांच्या वाडीत राख सावडताना अस्थींत निदान एक दात शोधतात. तो आधी पाण्यात सोडायचा, मग बाकीच्या अस्थी. दात मागं राहिला तर माणसाचं तोंड मागं राहतं. इथे विजेच्या दाहिनीने नुसती भुकटी हातात दिली. भुकटीत बोटं घालघालून बघितलं, दात काही गावला नाही. अस्थी अजून खोलीत खुंटीला टांगून होत्या.

"आजी, हे खरे दात नाहीत. प्लास्टर आहे."

"त्याच्याच तोंडातनं निघालंय न्हवं?"

विजयश्रीने पत्र दाखवलं, ओळ वाचून दाखवली. वारस म्हणून प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे, असंही समजावलं. मॉडेलवरून दुसरं मॉडेल बनवून देते.

"नकलंला काय करू, बाई? नकल का मेली व्हय?"

तेव्हा डबीतून आवाज आला.

रुक्मिणीबाईंनी विचारलं नाही की हे काय आहे. त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला आणि पुढचं सगळं त्या कुजबुजत बोलल्या. "थर्ड हाय व्हय ह्या हप्त्याला?"

"हो," विजयश्रीही कुजबुजली.

"पंखा बारीक करा जरा. त्याला वारं सोसत न्हाई झोपंत."

कस्तुरामावशीने पंखा कमी केला. तिघी उभ्या राहिल्या, झोपलेल्या माणसाच्या उशाशी उभं राहावं तशा. मग रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मरूनबी पडू दीनात त्याला. बाई, सोडा माझ्या पोराला. तुमच्या पाया पडती."

"मी विचारते वर," विजयश्री म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तिने चौकशी अधिकाऱ्यांना लिहिलं की मृताच्या आईला धार्मिक कारणासाठी साचा हवा आहे, फोटो आणि मापं नोंदवून मूळ साचा देण्याची परवानगी द्यावी. झिजण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. कसं लिहिणार? उत्तर दोन ओळींचं आलं: परवानगी देता येत नाही, मूळ प्रत जपून ठेवावी.

मग तिच्या मनात ते आलंच. हुबेहूब दुसरं मॉडेल बनवायचं, ते डबीत ठेवायचं आणि मूळ आईला द्यायचं. कोण ओळखणार होतं? नियम मोडला असता, पण कुणाचं नुकसान झालं असतं? दुपारी पेशंट नसताना तिने मिश्रण कालवलं, ट्रे भरला, मॉडेलवर दाबला. घट्ट झाल्यावर काढला, तर मापात दातांचे ठसे नव्हते. आडवे ओरखडे होते, फाटलेले. झोपेतल्या माणसाने चावलेले.

"पयल्या बारीलाबी असंच झालतं," कस्तुरामावशी हळूच म्हणाली.

तिने पुन्हा घेऊन पाहिलं. तेच झालं. रणजीत वाळुंजची दुसरी प्रत निघत नव्हती. जे होतं ते एकच होतं, आणि रोज थोडं कमी होत होतं. तिने व्हर्नियरने सुळ्यांची उंची मोजली, फाइलमधल्या मापांशी ताडून पाहिली आणि पुढचा अंदाज बांधला. चौकशा लवकर संपत नाहीत. अंतिम आदेश येईल तेव्हा जपून ठेवायला फक्त पूड उरलेली असेल. कायदा म्हणत होता, सांभाळ. सांभाळायचं कसं, हे मात्र कुठल्याच कलमात लिहिलेलं नव्हतं.

मोजता मोजता तिने रबरबँड काढला आणि दोन्ही जबडे हातात धरले. सवयीने एकावर एक ठेवून पाहिले. ते घट्ट बसले. तिने डावीकडे सरकवून पाहिलं, उजवीकडे, पुढे. दुसरीकडे कुठेच बसेनात. घासून घासून वरच्या दातांवर खालच्यांच्या, खालच्यांवर वरच्यांच्या गुळगुळीत जागा तयार झाल्या होत्या आणि त्या कुलुपात किल्ली बसावी तशा एकमेकींत बसत होत्या.

हा बाइट होता. तो राहिलेला बाइट रणजीतने आणून दिला होता.

नेहमी अशी कामं ती भोसरीच्या लॅबला पाठवते. हे पाठवलं नाही. पेशंटचं नाव, वय, गार्ड कधी घालणार, असं लॅबवाले विचारतात. तिने स्वतःच केलं, कॉलेजात शिकल्यासारखं, मेणापासून. ॲक्रिलिक घट्ट झाल्यावर कडा घासल्या, पॉलिश केलं. जिवंत माणसाला टोचेल एवढीही धार राहू दिली नाही. आणि रुक्मिणीबाईंना निरोप धाडला.

त्या पिशवीत धुतलेलं धोतराचं फडकं घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं, परवानगी मिळाली.

"परवानगी नाही मिळाली," विजयश्री म्हणाली. "पण त्याचं एक काम राहिलं होतं. ते करते. तुम्ही समोर असाव्यात असं वाटलं."

तिने वरच्या जबड्यावर पारदर्शक टोपण बसवलं. टक्, असा बारीक आवाज होऊन ते बसलं. खालचा जबडा लावला, रबरबँड घातला, डबी जागेवर ठेवली. थर्ड शिफ्टचा आठवडा होता, अकरा वाजले होते. तिघी वाट बघत बसल्या. बाहेर ट्रेलर गेले, काचा थरथरल्या. एकदा डबीतून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, माणूस कूस बदलतो तसं. पुढे काही नाही.

दुपार झाली तरी काही नाही. रुक्मिणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे डोळे कधी मिटले ते त्यांनाही कळलं नाही. कस्तुरामावशीने त्यांच्या अंगावर दवाखान्यातली चादर घातली.

उठल्यावर त्यांनी फडकं पिशवीतून काढलं आणि पुन्हा घडी घालून ठेवलं. "आत्ता लागलीय झोप. आत्ता कशाला हलवायचं? इतके दीस जागलाय त्यो." मग पिशवी उचलत, "आस्थी ऱ्हाऊ द्या खुंटीला. मी सांगती त्येस्नी, लेकरू झोपलंय म्हून."

विजयश्रीने फाइल ओढली. दिलेला उपचार लिहिला नाही असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. तारीख घातली. 'नाइट गार्ड बसवलं. पेशंटला आराम.' सही केली. आणि मग तिच्या लक्षात आलं, तिने काय लिहिलं ते. आजच्या तारखेचा नवा उपचार. तीन वर्षं आता या तारखेपासून मोजायची. उद्या चौकशी संपली, अंतिम आदेश आला, तरी ही नोंद तिची होती आणि हा पेशंटही.

"काय झालं, डॉक्टर?" कस्तुरामावशीने विचारलं.

"काही नाही. तीन वर्षं ठेवावं लागेल हे."

"आजपास्नं?"

"आजपासून."

"मग ऱ्हाऊ द्या की. भाडं थोडंच मागायलंय."

रुक्मिणीबाई आता अधूनमधून येतात. डबीला हात लावत नाहीत, पंखा तेवढा बघून जातात. पूड पडत नाही. नाइट गार्ड झिजतं, पण ते झिजण्यासाठीच असतं. संपलं की विजयश्री दुसरं करणार आहे.

दर गुरुवारी ती डबी उघडते, टोपण काढून तपासते. प्लास्टर कोरडंठाक असतं. टोपण मात्र आतून ओलं असतं, आणि कोमट. ती ते नळाखाली धरते, मऊ ब्रशने घासते, पुसून परत बसवते, आणि आवाज न करता झाकण लावते.